माया, स्पेलिंग एम-ए-जे-ए

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. कुवेतमध्ये, जाब्रियातल्या या फ्लॅटमध्ये मला भिंतींशी बोलायची सवय लागली आहे, पण भिंतींनाही हे कळू दिलं नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

तेवीस वर्षं मी इथे नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. म्हणजे — जमलं नाही, आणि पुढे जमवायला कुणी राहिलं नाही. आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावर आईचं नाव. अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. स्वतःचं नाव मिळेपर्यंत तीच त्याची ओळख. रोज अशा पट्ट्या बांधणाऱ्या बाईनं असं करावं?

थांबा, आधी अजितचं सांगते. माझा धाकटा भाऊ, स्वीडनला गोथेनबर्गमध्ये असतो. बायको नेहा आपल्याच साताऱ्याची. आठ वर्षांपूर्वी त्यांना मुलगी होणार होती, तिकडे आधीच सांगतात. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून अजितनं मला एक यादी पाठवली — तिथली लोकप्रिय नावं, अर्थासकट. तिकडच्यांना म्हणता आलं पाहिजे आणि आपल्याला परकं वाटायला नको, एवढीच त्याची अट. शुक्रवारची सुट्टी होती, बाहेर पन्नासच्या घरातलं ऊन, पडदे ओढलेले, आणि मी ती यादी वाचत एकटीच हसत होते. लिव्ह म्हणजे जीवन. सागा म्हणजे गोष्ट. एब्बा म्हणजे रानडुकरासारखी बळकट — हे कोण आपल्या पोरीला ठेवत असेल? अल्वा म्हणजे परी किंवा तसलंच काहीतरी. आणि मग एम-ए-जे-ए. मी आपलं 'मजा' वाचलं. शेजारी अजितनं मराठीत लिहिलं होतं, उच्चार: माया.

माझं हसू तिथेच थांबलं.

आईला सगळे सुमती म्हणत. ते बाबांनी लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. त्याआधी अठरा वर्षं ती माया होती, आणि हे आम्हा भावंडांत फक्त मला ठाऊक. मी पहिल्यांदा कुवेतला निघाले त्या आठवड्यात मेथी निवडता निवडता तिनं सांगितलं. "कुणी विचारलंसुद्धा नाही गं मला," म्हणाली. "कितीतरी दिवस सुमती म्हणून हाक आली की मी मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून." मग आतून तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाली, तुला मुलगी झाली तर हे नाव ठेव.

मला मुलगी झाली नाही. नाव मात्र मी सांभाळलं. दाखला पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवला. कधी कधी या रिकाम्या घरात ते नाव मोठ्यानं म्हणूनही बघायचे — हाक मारल्यासारखं. वेडेपणा वाटेल तुम्हाला. वाटू दे.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी अजितचा फोन आला. "ताई, आईचं माहेरचं नाव काय होतं गं? लग्नात बदललं असेल ना? आता बाबाही नाहीत, मामाही नाही विचारायला. यादीत काही जुळत असेल तर तेच ठेवू म्हणतो."

बघा — त्यानं आपणहून विचारलं. मला फक्त दोन अक्षरं बोलायची होती.

"बदललं नव्हतं," मी म्हणाले. "सुमतीच होती."

"बरं. मग ते माया कसं वाटतं? नेहाला आवडलंय."

"नको रे. स्पेलिंग बघून सगळे मजा वाचतील. पोरीला चिडवतील."

त्यानं लगेच ऐकलं. लहानपणापासून माझा शब्द खाली पडू दिला नाही त्यानं. अल्वा ठरलं. बारशाला त्यांनी फोन पाळण्यात धरला आणि मी इथून, सोफ्यावर एकटीच बसून, तिच्या कानात कुर्र केलं. पुढे साताऱ्याच्या चुलतभावंडांनी तिला अळवाची वडी म्हणायचं ते म्हटलंच.

का केलं मी हे? हेवा. दुसरा शब्द नाही. त्याच्याकडे बायको होती, घर होतं, आता लेकही येत होती. माझ्याजवळ आईनं मला एकटीला दिलेली एकच गोष्ट होती, तीही का देऊन टाकायची? वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण — आत्ता तुमच्याशीही मी खोटं बोललेय. आईचं बोलणं तुम्हाला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली होती, "तुला मुलगी झाली तर हे नाव ठेव. तुला नाही तर अजितच्या मुलीला. कुणाच्या तरी तोंडी राहू दे."

गेल्या महिन्यात अल्वाचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत घरातल्या माणसांची नावं आणि त्यांचे अर्थ लिहून न्यायचे होते. "आत्या, आजीचं नेम काय होतं? नो, नो — व्हेन शी वॉज लिटल. लाइक मी." समोर वही, हातात पेन्सिल. मागे अजित भांडी लावत होता, तोही हात थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

आता हेवा राहिला नव्हता. रागही नव्हता. खरं सांगितलं असतं तर मी तेव्हा काय केलं ते अजितला कळलं असतं, एवढंच. तेवढ्याला मी भ्यायले.

"सुमती," मी म्हणाले.

तिनं जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "अँड मीनिंग?"

"चांगल्या बुद्धीची," मी सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.