जोधपूरला पल्लवीचं उत्तर घ्यायला

"मी काय चोर हाय का?" हे माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि तिथून पुढं सगळंच बदललं. जागा जोधपूर, रविवारची दुपार, समोर आण्णा. पण ते नंतर. आधी जायचं कसं ते सांगतो, कारण या ब्लॉगवर येणारे निम्मे वाचक तेवढ्यासाठीच येतात.

धनाजी माझा मित्र, आटपाडीकडचा. कराडला आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी दुसऱ्या वर्षाला एका सरांशी भांडून कॉलेज सोडलं. तो पदवी घेऊन जोधपूरला वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, गलाईच्या दुकानात गेला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आटपाडी-खानापूर भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पसरलीत. कुठल्याही लांबच्या शहरातल्या सराफ बाजारात शिरा, एखाद्या बोळातनं "काय चाललंय रं?" ऐकू येतंच.

धनाजीची धाकटी बहीण पल्लवी. तीही तेव्हा कराडलाच शिकत होती, नंतर जोधपूरला गेली. धनाजी गावी आला तेव्हा त्याला सांगितलं, मला तिच्याशी लग्न करायचंय. त्यानं आधी एक कानाखाली दिली, मग महिनाभर बोलला नाही, आणि मग एका संध्याकाळी फोन आला. "आण्णांनी सेलमचं स्थळ बघितलंय. गलाईवालंच हाय. पल्लू म्हणती, त्याला एकदा येऊ दे, काय ते तोंडावर सांगती. ये ह्या शनवार-रविवारी."

मला वाटलं, बोलावलंय म्हणजे होच.

आमच्या भागातनं जोधपूरला थेट रेल्वे आहे, पण रोज नाही. वार बघूनच तिकीट काढा. आणि मे महिन्यात स्लीपरनं जाऊ नका. मी गेलो. आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सुरतेपर्यंत पुरली. गुजरात संपेपर्यंत खिडकीची सळई हाताला चटका द्यायला लागली होती. आबू रोडला फलाटावर रबडी मिळते, ती मात्र चुकवू नका. आण्णांसाठी नेलेल्या आंब्यांतले निम्मे वाटेतच काळे पडले. राहिलेले मी पुसून पुसून परत पेटीत लावले. शेजारचा मारवाडी म्हातारा बघून हसला. "ससुराल जा रहे हो?" मी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यानं ठरवावं.

धनाजी स्टेशनवर स्कूटर घेऊन आला होता.

"वाळलास रं गड्या!"

"आणि तू? सोनं गाळतोस का तूप पितोस?"

शनिवारी त्यानं मला मेहरानगड दाखवला. सकाळी लवकर जा, टोपी न्या, आणि चढ दमवणारा आहे, रिक्षा वरपर्यंत जाते. तटावरनं खाली निळी घरं दिसतात. फोटोत दिसतात त्यापेक्षा फिकी, आणि म्हणूनच जास्त चांगली. खाली उतरून घंटाघराजवळ मिरचीवडा खाल्ला. एकात पोट भरतं. मी तीन खाल्ले, कारण धनाजी म्हणाला तुला जमायचं न्हाई. लस्सीत लोणी असतं, चमच्यानं खावी लागते. सगळं छान होतं. मी मात्र दर दुकानातल्या घड्याळात बघत होतो, घरी कधी जायचं म्हणून.

रात्री जेवायला दालबाटी, आणि कडेला आपला ठेचा. पल्लवीनं वाढलं. दिवसभरात माझ्याशी एवढंच बोलली, "मीठ बरोबर आहे का?" दाल खारट झाली होती. मी म्हटलं, एकदम बरोबर.

रविवारी आण्णा म्हणाले, "चला पावणं, भट्टी बघा." जिन्यात धनाजीनं माझा दंड दाबला. "बाहेरच्याला आत न्हेत न्हाईत ते. नीट वाग."

खोली लहान, वर काळं झालेलं छत. भट्टीत मूस ठेवलेली, म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं. आण्णा चिमट्यानं ती फिरवत होते आणि मला हळू आवाजात समजावत होते: रंग कसा बघायचा, कधी थांबायचं. माझ्या वडिलांनी मला कधी इतक्या शांतपणे काही सांगितलेलं नाही. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात तिथं राहायला आलो होतो.

पल्लवी चहा घेऊन आली. चहा झाला, मी उठलो, आणि उंबऱ्यापाशी आण्णा म्हणाले, "पावणं, पाय झटका त्या पोत्यावर. आणि हात त्या पिंपात धुवा."

माझं डोकंच फिरलं. "आवं, मी काय चोर हाय का?" आवाज बोळापर्यंत गेला असणार. वर आणखी बोललो, की बोलावून झडती घ्यायची तर बोलवायचं कशाला.

आण्णांनी चिमटा ठेवला, उंबऱ्यापाशी आले, पोत्यावर पाय झटकले, पिंपात हात धुतले. मग धनाजीनं. मग पल्लवीनं ओढणी झटकली, हात धुतले, कपबश्या उचलल्या आणि माझ्याकडं न बघता जिना चढली.

धनाजीनं नंतर सांगितलं. गलाईच्या खोलीत सोन्याचे कण कपड्याला, हाताला, तळव्याला चिकटतात. पिंपातलं पाणी ठेवून देतात, केर ठेवतात, वर्षाच्या शेवटी ते पोतंसुद्धा जाळून राखेतनं सोनं काढतात. "सकाळपासनं रात्रीपतूर दहादा धुतो रं आमी. आण्णांनी तुला घरातला धरला, म्हणून आत न्हेलं."

संध्याकाळी गच्चीवर ती आली. धनाजी पाण्याच्या टाकीपलीकडं पाठ करून उभा.

"माझं ठरलं नव्हतं," पल्लवी म्हणाली. "खरंच नव्हतं. सेलमवाल्याला मी नीट बघितलंही नाही अजून."

"मी आण्णांची माफी मागतो. आत्ता जातो."

"ते करतीलच माफ. ते तर जेवताना हसत होते." ती कठड्यावरची धूळ बोटानं सारत होती. "सर काही बोलले, तू कॉलेज सोडलंस. आण्णा हात धुवा म्हणाले, तर हे. उद्या घरात मी काही बोलले, तर तू काय सोडशील?"

खाली कुणीतरी गायीला हाकलत होतं आणि लांब किल्ल्यावर दिवे लागत होते. ती म्हणाली, "आंबे गोड होते," आणि खाली गेली.

परतीच्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाणी भरपूर घ्या.

कराडशेजारी मलकापूरला घरी येऊन आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, जोधपूर कसं आहे? मी म्हणतो, जा, जरूर जा. किल्ला आठवतो, पण पुसट. मूस मात्र डोळ्यासमोरनं हलत नाही, आणि ती फिरवणारे आण्णा. तेवढा वेळ मी कुणाचा तरी होतो.

काल धनाजीचा फोन आला. सगळे गावी आलेत, साखरपुडा आहे, सेलमवाल्याशीच. "मांडवाला माणसं कमी हायत. आण्णा म्हणले, त्याला सांग. पल्लूलाबी इचारलं, ती व्हय म्हणली. येशील का?"

आज सकाळी पिशवी भरली. आईनं विचारलं, कुठं? म्हटलं, आटपाडीला, मांडव घालायला. बाबा पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "शिक्षण सोडलं, आता मांडव घालत हिंडा."

राग आला. आला नाही असं खोटं कशाला लिहू. चपला घातल्या, "येतो" म्हटलं, बाहेर पडलो आणि दार हळू ओढून घेतलं.