हाताला बसणारी मूठ

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही. कुवेतला आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते माझ्याच गाडीच्या दारात सापडलं, आणि दार लावणाराही मीच होतो, त्यामुळे कुणावर ओरडायचीही सोय नव्हती. जेवताना, लिहिताना काही अडत नाही. अडलं ते पिस्तूल निवडताना.

पिस्तूल कशाला, असं माझ्या बायकोनंही विचारलं होतं. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत बावीस वर्षं काढून मी नाशिकला परत निघालो होतो. शहराबाहेर बंगला बांधला होता, बायको वर्षभर आधीच तिथे राहायला गेली होती, आणि दोन घरं सोडून पलीकडे चोर शिरले होते. त्यांनी नेलं काय, तर पितळी समया आणि एक मिक्सर. पण माझ्या डोक्यात जे शिरलं ते काही निघेना. सुट्टीत जाऊन मी परवान्याचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात झोकात लिहिलं, 'स्वसंरक्षण'. कुवेतला, मंगफच्या फ्लॅटवर परत आल्यावर रोज संध्याकाळी पिस्तुलांचे व्हिडिओ बघत बसायचो. बायको फोनवर म्हणायची, "कुत्रा पाळू या ना. तो निदान शेपूट तरी हलवेल." मी चिडायचो. मी पटकन चिडतो, हे एव्हाना कळलं असेलच.

माझ्या मेव्हण्याकडे परवाना आहे. तो म्हणाला, "दाजी, हे चपलेसारखं असतं. पायात घालून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. लोक दिसायला रुबाबदार बघून घेतात आणि मग चापापर्यंत बोटच पोचत नाही." झालं, मला दुसरं काही सुचेना. माझं तर एक बोट आधीच संपावर. गोल मुठीचं रिव्हॉल्व्हर बरं पडेल की चपट्या मुठीचं पिस्तूल? धरून बघायचं कुठे? कुवेतमध्ये आमच्यासारख्याने विनापरवाना हत्यार बाळगायचं म्हणजे आधी कोठडी आणि मग थेट विमान. तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. खरं नाही तर नाही, लाकडाचं करून घेऊ, हातात धरून बघू आणि नाशिकच्या दुकानात ठरवूनच जाऊ. ही अक्कल माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

माझ्या स्वयंपाकघरातली कपाटं एका सुताराने केली होती. राजापूरकडचा माणूस, एका फर्निचरच्या वर्कशॉपात कामाला, खैतानमध्ये सहा जणांत एक खोली. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हे मला नक्की माहीत होतं, कारण बिल्डिंगच्या वॉचमनकडे नोंद करायला त्याचा सिव्हिल आयडी मीच नेला होता. तो मला साहेब म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मी त्याला अरे-तुरे. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. हातात अवजार असलेल्या माणसाला आम्ही इंजिनिअर लोक आपोआप 'तू' म्हणतो आणि वर स्वतःला साधे समजतो.

त्यालाच मी बोलावलं. मी काढलेली ड्रॉइंग त्याने बाजूला ठेवली आणि विचारलं, "कणीक हाय काय घरात?" फ्रिजमध्ये होती. तिचा गोळा माझ्या हातात देऊन म्हणाला, "दाबा. जीव खाऊन नाय. माणूस घाबरला की दाबतो तसं."

मी दाबली. त्याने तो गोळा उजेडाकडे धरला आणि कानामागची पेन्सिल काढून मधल्या बोटाच्या खुणेपाशी टेकवली. "हे बोट इथं अर्ध्यातच थांबतं. त्याला जागा द्यायला हवी, नायतर बाकीची बोटं त्याचं काम करतील आणि दमतील. मूठ हत्याराची नसते ओ साहेब, हाताची असते." इतकी वर्षं डॉक्टर झाले, फिजिओथेरपी झाली, माझ्या बोटाकडे इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं.

गोळ्याची मापं कागदावर उतरवून तो म्हणाला, नुसत्या मुठी करतो, तेवढ्याने काम भागेल. मी म्हटलं, छे, नळी हवी, पुढचं वजन कळायला हवं. आणि काळा रंग मार, खरं वाटलं पाहिजे.

"काळा नको. रस्त्यानं आणायचं हाय."

"अरे, लाकूड आहे ते. तू मार रंग."

त्याने मारला. दोन नग तयार झाल्याचा फोन आला तो शुक्रवारी. माझ्याकडे गाडी होती, खैतान काही लांब नाही, मी जाऊन आणू शकलो असतो. पण शुक्रवारी जेवण झालं की मला लोळायचं असतं. मी म्हणालो, "तूच घेऊन ये बसने. आजच ये, मला सामान आवरायचंय."

दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. त्याचाच नंबर होता.

"साहेब, मी सुतार बोलतोय. इथं रस्त्यात पोलीस आयडी बघत होते, पिशवी उघडली. तुम्ही यांना एवढंच सांगा, ते माप हाय म्हणून. फोन स्पीकरवर हाय."

मागून एक आवाज आला, तुटक्या हिंदीत, "ये नफर तुमको मालूम?" म्हणजे या माणसाला ओळखतोस का?

माझा राजीनामा मंजूर झाला होता. वीस दिवसांनी विमान होतं. नावावर केस लागली की देशाबाहेर पडता येत नाही, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणण्यात अर्थ नाही. तोंड आपोआप बोललं.

"आपण कोण बोलताय? मी तुम्हाला ओळखत नाही." आणि मग त्या दुसऱ्या आवाजासाठी, स्वच्छ इंग्रजीत, "सॉरी, राँग नंबर."

मग सुतार हळूच म्हणाला, "हां. नंबर चुकला, साहेब." आणि फोन बंद झाला.

मी काय केलं ते सांगतो, कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी त्याचा नंबर फोनमधून काढून टाकला. ड्रॉइंगच्या बारीक चिंध्या केल्या. ओट्याजवळच्या फळीवर तो कणकेचा गोळा होता, वाळून दगड झालेला, माझी पाचही बोटं त्याच्यावर उमटलेली. तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्यात तळाशी खुपसला. मग आंघोळ केली. संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा मी तिच्याशी पडद्यांच्या रंगावर अर्धा तास बोललो. लाज वाटली ती नंतर. त्या दिवशी मला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

आठ दिवस दाराची बेल वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघायचो. कुणी आलं नाही. का आलं नाही, हे कळावं म्हणून नवव्या दिवशी खैतानला गेलो. त्याच्या काळजीने गेलो असं लिहायला मला आवडलं असतं.

खोलीवर त्याच्याच तालुक्यातला एक प्लंबर होता. त्याने मला बसायला खाट दिली, चहा टाकला. सुताराची खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली.

"चार दिवस आत होते," तो म्हणाला. "मग मालकानं माणूस पाठवून सोडवलं. लाकडाचं हाय हे त्यांना पण दिसत होतं ओ. पण मालक म्हणाला, मला लफडं नको. व्हिसा रद्द करून परवा पाठवून दिलं. अजून दीड वर्ष बाकी होतं. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय त्यांच्या."

मी विचारलं, "पोलिसांना काय सांगितलं त्याने?"

"पोराला खेळणं म्हणून केलं, असं. कुणी सांगितलं करायला, म्हणून लय इचारलं त्यांना. शेवटपर्यंत तेच सांगितलं, खेळणं."

त्याला मुलगा नाही. एकच मुलगी.

प्लंबरने खाटेखालून एक पुडकं काढलं. "मंगफचे साहेब आले तर द्या म्हणाले होते." मी येईन असं त्याला वाटलं होतं, हे ऐकून मी चहा खाली ठेवला. आत नुसती मूठ होती, तिसरी, मी न सांगितलेली. नळी नाही, रंग नाही. पॉलिशपेपर फिरवून फिरवून गुळगुळीत केलेली, आणि मधल्या बोटाच्या जागी एक उथळ खाच. मी ती तिथेच, त्या प्लंबरसमोर हातात धरली. माझं मोडकं बोट त्या खाचेत जाऊन बसलं आणि दुखलं नाही. निघताना प्लंबरकडून सुताराचा गावाकडचा नंबर घेतला.

नाशिकला आल्यावर परवाना मिळाला. मेव्हण्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने चपट्या मुठीचं एक पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बसतंय ना हाताला?" बसत होतं. मी नाही म्हणालो. दुसरं दिलं, तेही नाही म्हणालो. मेव्हणा वैतागला. बायको म्हणाली, एवढा आटापिटा करून? मी म्हटलं, बोट नीट मिटत नाही माझं. मग आम्ही कुत्रा आणला.

त्या नंबरावर फोन करायला मला चार महिने लागले. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. चूक माझी होती, मुलीच्या शिक्षणाचं मी बघतो, मला माफ करा. एका सकाळी, बायको देवळात गेलेली असताना, फोन लावला. तिकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता.

"नमस्कार, मी मंगफचा," मी म्हणालो. "तुम्ही कसे आहात?"

रंधा थांबला. मग त्याने आवाज अगदी बारीक करून विचारलं, "साहेब, बाजूला कोण बसलाय काय?"

"नाही हो, एकटाच आहे मी. का?"

"नाय, तुम्ही मला 'तुम्ही' म्हणालात," तो म्हणाला, "म्हणून इचारलं."