ऊद, मांजर आणि नागपूरची परवानगी

चार माणसं एका सरकारी परवानगीच्या मागे लागली, की किस्से आपोआप साचत जातात. घडताना मात्र त्यांतल्या एकावरही हसू येत नाही. निदान मला तरी आलं नाही. मी पडलो भित्रा माणूस, आणि त्यात मच्छीमार संस्थेचा सचिव!

आमचं गाव लाखांदूरकडचं. तलाव वनखात्याच्या राखीव हद्दीत. लीजवर मासे धरायची मुभा, पण तिथल्या कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही, ही अट. त्या तलावात ऊद शिरले. ऊद म्हणजे पाण्यात राहणारं, दाट मऊ केसांचं जनावर. मासे खाण्यात आमच्या अख्ख्या संस्थेला भारी! जाळी फाडली, मत्स्यबीज फस्त केलं.

आमचे अध्यक्ष दशरथभाऊ. त्यांचा साळा सुखदेव, जाळ्यात तरबेज आणि डोक्याने तापट. तो रोज एकच वाक्य ऐकवायचा, "परवानगी गेली चुलीत, मी फासा लावतो!"

तारेच्या फाशात ऊद मेला असता तर सुखदेव तुरुंगात, लीज रद्द आणि तलावावर जगणारी सगळी घरं उघड्यावर. माझी झोपच उडाली होती. म्हणून ठरलं, पिंजरा लावून ऊद पकडायचे आणि लांब नेऊन सोडायचे. त्यासाठी वनखात्याच्या नागपूर कचेरीची परवानगी हवी.

* * *

अर्ज लिहायला बसलो. 'ऊद पकडण्याबाबत' एवढा विषय लिहिला आणि दशरथभाऊंनी माझा हात धरला.

"नुसतं ऊद काहून लिवलं? साहेब म्हनंल, हे लोक पूजेचं सामान पकडून राह्यले का?"

"मग काय लिहू?"

"मांगं मांजर लाव. जनावर हाय हे तरी समजंल!"

मला पटलं. 'ऊदमांजर' लिहिलं. शब्द भारदस्त दिसत होता. सगळ्यांनी खाली सह्या ठोकल्या.

* * *

पंचनाम्याला वनरक्षक मॅडम आल्या. नोकरीत नव्या, वागायला सरळ, पण वरिष्ठांचा फोन आला की उभ्या राहून बोलायच्या. त्यांना पुरावा हवा होता. दशरथभाऊंनी मोबाईल पुढे केला.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "भाऊ, हा तर नुसता तलावाचा फोटो आहे."

"बराबर हाय मॅडम. थो खाली हाय ना, पान्यात!"

मॅडमनी काठावर पडलेली माशांची डोकी पाहिली आणि पंचनामा केला. जनावराचं नाव मात्र अर्जातूनच उतरवून घेतलं. "अर्जात एक आणि पंचनाम्यात दुसरं झालं, तर फाईल परत येते हो," म्हणाल्या.

* * *

फाईल नागपूरला गेली आणि माझे फोन सुरू झाले. एक दिवस तिकडून विचारणा झाली, "ऊदमांजर नर आहे की मादी?"

"साहेब, पकडल्याशिवाय कसं सांगू?"

"आणि तुम्ही सांगितल्याशिवाय पकडायची परवानगी कशी देऊ?"

मी घाबरून 'दोन्ही' म्हणालो. पलीकडून फोन कट!

इकडे सुखदेव सायकलच्या ब्रेकची तार घेऊन फिरत होता. कुठे चाललास विचारलं, तर म्हणे, "सायकल दुरुस्त कराले." त्याच्याकडे सायकल नव्हती.

* * *

मधेच मॅडमनी काठावरच्या झाडाला आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा बांधला. गावात एवढंच पोचलं, की ट्रॅप लागला. सुखदेवने त्याला चारी बाजूंनी निरखून पाहिलं.

"भाऊजी, हा पिंजरा लहान नाही का? याच्यात थो बसंल कसा?"

आठवड्याने मॅडमनी कॅमेऱ्यातले फोटो बघितले. ऊद एकाही फोटोत नाही. सगळ्यांत सुखदेव! एकात तर हातात तार.

"हे काय?" मॅडमचा आवाज बदलला होता.

दशरथभाऊ म्हणाले, "कपडे वारवाले तार बांधून राह्यला जी."

"जंगलात?"

"घरी ऊन येत नाही ना!"

मॅडम हसल्या नाहीत. "पुढच्या वेळी तार दिसली, तर मला गुन्हा दाखल करावाच लागेल." त्या गेल्यावर दशरथभाऊंनी साळ्याला अशा काही शिव्या घातल्या, की त्यांच्या बायकोने दोन दिवस अबोला धरला.

* * *

शेवटी मॅडम परवानगी घेऊन आल्या! मी मोठ्याने वाचायला लागलो. 'पिंजरा झाडावर, मजबूत फांदीस बांधावा. आमिष म्हणून पिकलेली केळी ठेवावीत.'

सुखदेव म्हणाला, "केरी? झाडावर? थो मासे खाते ना भाऊ!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. खात्याच्या भाषेत ऊदमांजर म्हणजे झाडावर राहून फळं खाणारं जनावर! आमच्या तलावात शिरलेलं, ते पाणमांजर.

"मग पिंजरा खाली, पाण्याकाठी ठेवू," मी म्हणालो.

"आदेशात झाड आहे. माझी नोकरी जाईल."

परत अर्ज करावा, तर तोवर सुखदेव थांबणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. दशरथभाऊ म्हणाले, "बांधा झाडावर. पिंजरा तर आला. मंग पाहू." पिंजरा मोहाच्या झाडावर चढला.

आणि पाहणीला नागपूरचे मोठे साहेब यायचे त्याच सकाळी त्यात जनावर सापडलं. अस्सल, खात्याचं, केळी खाणारं ऊदमांजर!

साहेब खूश. पिंजरा खाली उतरवून तलावाच्या काठावर ठेवला. फोटो झाले. मॅडम 'तक्रार निकाली' लिहायला लागल्या. दशरथभाऊ हात जोडून उभे. मी सुखदेवचं मनगट घट्ट धरून ठेवलेलं. तक्रार निकाली निघाली की आज ना उद्या हा फासा लावणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात पाण्यात खळबळ झाली. एक ऊद तोंडात मोठा मासा घेऊन वर आला आणि आमच्यासमोर दगडावर बसून कडाकडा खायला लागला. साहेबांना राहवलं नाही. लहान पोरासारखे ओरडले, "अरे, ते बघा, ते बघा! ऊदमांजर!"

मॅडमचा पेन थांबला. कोणी कोणाकडे बघेना.

सुखदेवने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं, पुढे गेला आणि अगदी नरमाईने विचारलं, "मंग साहेब, पिंजऱ्यात कोन हाय?"