मोकळी जागा

कागदावर मोकळी जागा दिसली की चाचांचा हात शिवशिवायचा. जुन्नरच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या टेबलाशी बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. मजकुराखाली बोटभर कोरा भाग उरला तरी त्यावर तिरपी रेघ मारत, मगच सही करू देत. पुतणीच्या लग्नपत्रिकेलाही त्यांनी रेघ मारली होती. का, तर म्हणे, "उद्या तिथं कोणी दुसरा नवरा लिहील!"

मी सहावीतून शाळा सोडलेली. बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा मला धड येत होती ती फक्त सही. ग्रामसेवक कोरं पान पुढे करायचे, "वहिनी, हजेरी मारा. वरचं मी लिहितो मागनं." मी पानाच्या तळाशी ऐटीत, टपोऱ्या अक्षरांत सही ठोकायची.

एके दिवशी आमच्या गायरानात टेप घेऊन माणसं उतरली. वाडीतल्या भूमिहीन बायकांची शेरडं त्याच रानावर जगत होती. पंचायतीत गेले, तर ग्रामसेवक हसले, "पुण्याच्या पार्टीला विकायला हरकत न्हाई, असा ठराव झालाय. तुमचीच तर सही हाय!" वाडीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मी ओतूरहून एसटी धरली आणि चाचांसमोर जाऊन रडले.

"सही केली तवा वर काय लिवलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई."

"आन सभेची नोटीस कुठं लावलेली?"

"कपाटाच्या दाराला. आतून."

"मंग रान त्या मोकळ्या जागेनं विकलं, ताई. पण जागा तुमी सोडली." ते असं तोंडावर बोलत, आणि बोलता बोलता चहाचा कप पुढे सरकवत.

माहितीच्या अधिकारात त्यांनी ठरावाची नक्कल मागितली. पंचायतीतून उत्तर आलं, रजिस्टर सापडत नाही. चाचा स्वतः गावात आले आणि बाकावर बसून राहिले. "सापडंपर्यंत बसतो. मला कुठं शेरडं वळायचीत?" संध्याकाळी रजिस्टर सापडलं. नकलेत माझ्या सहीकडे येता येता ठरावाची अक्षरं बारीक होत गेली होती, शेवटची ओळ तर मुंगीएवढी. चाचांनी त्यावर बोट ठेवलं. "जागा पुरंना झाली बघा चोराला."

माझ्या नावाने त्यांनी कचेरीत तक्रार घातली. आता चौकशीच्या साहेबांपुढे मी सांगायचं होतं, की सही केली तेव्हा पान कोरं होतं.

"चाचा, पोराची नोकरी सरपंचांनी लावलीय. जाईल ती."

"जाईल," ते म्हणाले. खोटा धीर त्यांनी दिला नाही.

तारखेला मी गेलेच नाही. चुलीपुढे बसून राहिले. चाचा एकटेच उभे राहिले, आणि ज्या माणसाने आयुष्यात खोटं अक्षर लिहिलं नव्हतं त्याने माझ्यासाठी अर्ज दिला : 'अर्जदार आजारी असल्याने पुढील तारीख मिळावी.'

पुढच्या तारखेला मी गेले. जे खरं ते सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. पण मधल्या महिन्यात रानाला तारेचं कुंपण पडलं होतं. त्या दिवशी चाचांनी आजारपणाच्या अर्जाची कार्बन प्रत माझ्या हातात दिली. "ठेवा," एवढंच म्हणाले. पोराची नोकरी आठवड्यात गेली. आम्ही सुरतेला आलो, ते इथलेच झालो.

गेल्या महिन्यात गावाकडून फोन आला, चाचा गेले. टेबल भंगारात गेलं. गायरानाची चौकशी अजून चालूच आहे म्हणतात, आणि कुंपणाच्या आत आता बंगले आहेत.

पेटीतून ती प्रत काढली. इतक्या वर्षांत मी ती नीट पाहिलीच नव्हती. मजकुराच्या खाली अर्धं पान कोरं होतं, आणि चाचांनी त्यावर रेघ मारली नव्हती.

दोन दिवस कागद समोर ठेवून बसले. मग त्या जागेत लिहिलं : 'मी आजारी नव्हते. भ्याले होते.' खाली सही केली, आणि उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारली.