बाकाची मधली दांडी

माल्सुन आजीबद्दल लिहायला बसले की आधी माझाच अपराध आठवतो, म्हणून तो लपवत नाही.

कोरियातल्या मोक्पो शहरात, चढावरच्या गल्लीत, अगदी तळाशी, माझं किराणा दुकान आहे. दुकानापुढे एक ठेंगणी, ऐसपैस लाकडी बैठक होती. आजीच्या नवऱ्याने ती मोडक्या होडीच्या फळ्यांतून केली आणि माझ्या सासऱ्यांना दिली. तो होड्यांचा सुतार होता. तो गेल्यावर आजीने बंदरावर मासळी निवडून तीन मुलं वाढवली. मुलं सोलला गेली. एक्याऐंशीव्या वर्षीही आजी रोज सकाळी खाली उतरायची, चपला काढून बैठकीवर मांडी ठोकायची आणि सुकी मांदेली साफ करायची. डोकं मोडायचं, पोटातली काळी घाण काढायची. स्वतःची झाली की माझ्या दुकानातली. मग बाकीच्या म्हाताऱ्या जमायच्या आणि कुणाची सून किती आळशी याचा निकाल लागायचा. त्या यादीत अधूनमधून मीही असायचे.

यंदा गल्लीत फोटो काढणारी तरुण मंडळी येऊ लागली आणि मला मासळीच्या वासाची लाज वाटायला लागली. बैठकीच्या जागी ठेवायला मी बाकं बघायला गेले. एक जुन्या शाळेतलं, लाकडी, झिजून गुळगुळीत झालेलं. दुसरं नवं, काळं लोखंडी, मधोमध हात टेकायची दांडी. विकणारा म्हणाला, दांडीमुळे कुणी पथारी पसरत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

पण गल्लीतली सगळ्यात थोरली बाई ती, तिला न विचारून कसं चालेल? मी फोनवर दोन्ही फोटो तिच्यापुढे धरले.

"आजी, यातलं कुठलं घेऊ? तुम्हीच सांगा."

आजीने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फोटोंकडे. "हे काळं घे. दांडीला धरून उठता येईल."

मी सुटले. समोरच्याच्या मनातलं ओळखून तेच बोलायचं, यात आमच्याकडची माणसं मुरलेली असतात, आणि आजी तर सगळ्यांची गुरू. हे मला ठाऊक होतं. तरी मी सगळं तिच्या शब्दावर ढकललं.

बैठकीवर मी नगरपालिकेची, मोठं टाकाऊ सामान उचलून न्यायची चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या सकाळी आजी आली आणि एका कडेला अंग चोरून बसली, चिठ्ठी चुरगळू नये म्हणून. मला ते दिसलं. मी बरण्या पुसत राहिले.

नवं बाक आलं. आजीने सवयीने चपला काढल्या, वर चढली, मांडी घालायला गेली तर गुडघा दांडीला अडला. मग ती पाय सोडून बसली, पण पाय जमिनीला पोचेनात. परात ठेवायलाही जागा नव्हती. "छान आहे हो," म्हणाली, आणि दुकानातली मांदेली घरी घेऊन गेली. त्यानंतर ती आली नाही.

आठव्या दिवशी मी चढ चढून गेले. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर एकटीच बसली होती. टीव्ही बोलत होता, ती मांदेलीची डोकी मोडत होती. मला राहवलं नाही.

"आजी, तुम्ही तिथे बसू नये म्हणूनच मी ते बाक घेतलं."

"माहीत आहे गं." तिचे हात थांबले नाहीत. "फोटो दाखवताना तुझा अंगठा त्या लाकडी बाकावर होता. अर्धं झाकलं होतंस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारायला कुठे आली होतीस?"

माझी मान वर होईना. सुताराला बोलावते, म्हटलं, पहिल्यासारखीच बैठक करून घेते, तुमच्यासाठी. आजी उठली, माझ्या दुकानातल्या मांदेलीची पिशवी पुढे केली. सगळी साफ केलेली होती.

"कर ना," ती म्हणाली. "फक्त या वेळी मला विचारू नकोस."