कोरी राहायला हवी ती काच

आमची सूनबाई घरी आली की आधी खुर्चीत बसते, मग चपला काढते. उलटं करायचं त्राण तिच्यात उरलेलं नसतं.

तिचं काम मला उशिरा कळलं, पण कळल्यावर भारी मजा वाटली. कॅन्सरच्या गाठीचा पातळ काप काचपट्टीवर ठेवायचा आणि त्यावर अँटिबॉडीचे थेंब सोडायचे. ही अँटिबॉडी म्हणे नेमक्या एकाच प्रथिनाला हुडकून चिकटते. मग रंग घातला की तेवढीच जागा तपकिरी होते.

सूनबाईने तपासलेल्या गाठी सगळ्या तपकिरी आल्या. हे प्रथिन वाढलं की गाठ फोफावते, असा तिचा लेखही तयार झाला. छापायला पाठवण्याआधी तिने अशा पेशी घेतल्या, ज्यांतून ते प्रथिन मुळातच काढून टाकलेलं होतं, आणि त्यांवर तेच थेंब सोडले. काच कोरी राहायला हवी होती. तीही तपकिरी झाली.

त्या संध्याकाळी ती चपलांसकट बसून राहिली.

"पाठवून दे गं," लेक म्हणाला. "सगळे अँटिबॉडीची तीच बाटली वापरतात ना?"

"म्हणूनच मीही न तपासता वापरली."

मला आमच्या शाळेचा शिपाई आठवला, त्याची गोष्ट मी तिला सांगितली. काच कोणी फोडली विचारलं, की गुरुजी ज्याचं नाव घेतील त्याला तो "हाच" म्हणायचा. गुरुजींना वाटे, काय नजर आहे गड्याची! एकदा त्यांनी सहज आठवडाभर गैरहजर असलेल्या पोराचं नाव घेतलं.

"हाच," शिपाई म्हणाला.

सूनबाई दमलेलीच हसली. "मग पोरांनी आधी खाल्लेल्या छड्यांचं काय झालं, बाबा?"

"त्या गेल्या. पुढच्या तेवढ्या वाचल्या."

दुसऱ्या दिवशी तिने लेख थांबवला. तिचे साहेब म्हणाले, "एवढी मेहनत पाण्यात घालणार?" ती म्हणाली, "माझीच आहे, सर."

मग नव्या बाटल्या. एक फसली, दुसरीही फसली. रोज येऊन ती नुसती मान हलवायची.

परवा आली, खुर्चीत टेकली. "जिथे हवं तिथे तपकिरी, बाबा. आणि त्या काचेवर काहीच नाही."

"म्हणजे झालं?"

"कुठलं? आता सगळ्या गाठी पहिल्यापासून." एवढं बोलून तिचा डोळा लागला.

लेकाने गुपचूप खाली बसून तिच्या चपला काढल्या.