सुट्टीचं टेंडर

तपासून घेतल्याशिवाय या जगातली एकही गोष्ट स्वीकारू नये, असं मनापासून मानणारा आणि रोज तसंच वागणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि दैवयोगाने ते माझे मामेसासरे आहेत. माझ्या बायकोचे हे मामा मूळचे बेळगावकडचे. बेंगळुरूत येऊन त्यांना चाळीसएक वर्षं झाली आणि त्यातली पस्तीस त्यांनी एका सरकारी कारखान्यासाठी बाहेरून येणारा माल तपासण्यात घालवली. बोम्मसंद्रा, होसकोटे इथल्या छोट्या छोट्या कारखान्यांत ते स्कूटरवरून जायचे, तिथे तयार झालेले दांडे, झाकणं, नटबोल्ट मोजायचे आणि पास किंवा नापास असा शिक्का मारून परत यायचे. ज्याचा माल तपासायचा त्याचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. थर्मास घरून. निवृत्तीनंतर कारखान्याने त्यांना घरी पाठवलं, पण तपासणीही त्यांच्याबरोबर घरी आली. नारळ ते तीन ठिकाणी वाजवून घेतात. हॉटेलात इडली आली की आधी चमच्याने दाबतात आणि ती किती वर येते ते बघून मगच सांबार ओततात. नवं पातेलं घेताना ते दुकानदाराच्या काउंटरवर पाण्याने भरून ठेवायला लावतात. माझं लग्न ठरत असताना मी त्यांना पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. माझे दारात काढलेले बूट उचलून त्यांनी टाचा कुठल्या बाजूने झिजल्यात ते पाहिलं आणि आत जाऊन "सरळ चालतो" एवढंच सांगितलं. त्यावर लग्न ठरलं.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन कोटेशनं. सरकारी खरेदीत तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय सुईसुद्धा घेता येत नाही, आणि मामांच्या मते हा नियम कारखान्यापुरता ठेवण्याचं काही कारण नाही. दाढ दुखली तेव्हा ते सुजलेला गाल घेऊन तीन दंतवैद्यांकडे गेले आणि तिसऱ्याकडे पोचेपर्यंत दाढ दुखायची थांबली, तर "बघा, घाई केली असती तर" म्हणाले. न्हावी त्यांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीन वापरून मग नक्की केला. माझ्या बायकोसाठीही माझ्याशिवाय दोन स्थळं होती आणि तिघांचा रकाने आखून केलेला तक्ता मामांच्या कपाटात अजून आहे, असं मामी सांगतात. तो एकदा बघावा असं मला फार वाटतं, पण धीर होत नाही.

तर अशा माणसाच्या हातात आम्ही आमची सुट्टी दिली, त्याची ही हकिकत. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी चार वर्षांची होती. मी हेब्बाळच्या एका टेक पार्कात नोकरीला, बायको घरून काम करणारी. मुलगी झाल्यापासून आम्ही सात वेळा सहलीचे बेत केले होते आणि सातही माझ्या ऑफिसने हाणून पाडले होते. शेवटच्या वेळी तर मुलीने स्वतःची छोटी बॅग भरून दारात ठेवली होती आणि ती चार दिवस तशीच होती. त्या बॅगेला कुणीच हात लावेना. मग एका मॉलमध्ये बायकोने एक चिठ्ठी भरली आणि आमच्या घरात टाइमशेअरने प्रवेश केला. एकदाच करार करायचा आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस त्यांच्या रिसॉर्टवर राहायचं. बायको म्हणाली, "एकदा सही केली की जावंच लागेल. तुझ्या बॉसलाही सांगता येईल, की बांधलेलं आहे." मला ते एकदम पटलं. तिला पंचवीस वर्षं नको होती, मुलगी लहान असेपर्यंत आपण कुठेतरी जावं एवढंच तिला हवं होतं, आणि माझ्या शब्दावरचा तिचा विश्वास उडाला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. एकाच्या तीन कंपन्या झाल्या. पहिलीत दरवर्षी एकाच डोंगरावर एकाच आठवड्यात जायचं, दुसरीत पॉइंट मिळणार आणि ते हवे तिथे वापरायचे, तिसरीत वर्षाचे लाल, पिवळे, निळे असे भाग पाडलेले. घरात भिंतीवर तीन माहितीपत्रकं लागली. मुलगी रोज सकाळी दात घासताना तिन्ही ठिकाणच्या पोहण्याच्या तलावांकडे बघायची आणि आम्ही दोघं तिच्यापेक्षा जास्त वेळ बघायचो.

मामांना हे कळलं ते मुलीकडून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद लावायची पाटी, भिंग आणि पोलादी टेप घेऊन हजर. "सही करू नका. स्वल्प थांबा. तीन पार्ट्या आहेत ना? मग पद्धतशीर करू की." मामांचा चेहरा इतका उजळलेला मी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. त्यांनी तिन्ही करार बारीक अक्षरांसकट मोठ्याने वाचले, त्याला तीन संध्याकाळी लागल्या. "नैसर्गिक आपत्ती, युद्ध किंवा दंगल झाल्यास कंपनी जबाबदार नाही" हे कलम आल्यावर मुलीने दंगल म्हणजे काय ते विचारलं आणि मामांनी तिला समजावून सांगितलं. मग त्यांनी आपल्या जुन्या सवयीने तिन्ही कंपन्यांना टंकलेखन केलेली पत्रं धाडली. तांत्रिक माहिती एका पाकिटात, भाव दुसऱ्या बंद पाकिटात, तपासणीसाठी नमुना द्यावा, अशी सगळी सरकारी भाषा. आणि मागणीच्या रकान्यात, पस्तीस वर्षं जसं लिहीत आले तसंच, "कुटुंब: एक. संख्येत पुढे वाढ होण्याची शक्यता." त्यांच्या मनात होतं, की आम्हाला कदाचित दुसरं मूल होईल.

दोन कंपन्यांनी ते पत्र बहुधा बाजूला टाकलं. तिसरीच्या मॅनेजरने मात्र ते वाचलं आणि पत्राखाली मामांचं नाव, निवृत्त मुख्य निरीक्षक, आणि कारखान्याचं नाव बघून त्याला वाटलं, की हा कारखाना आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी रिसॉर्ट घेतोय आणि सध्या एका कुटुंबावर चाचणी चालली आहे. तो स्वतः फुलांचा गुच्छ घेऊन मामांच्या घरी आला. मामांनी गुच्छ परत केला, कारण नियम. त्यावरून मॅनेजरची खात्रीच पटली, की काम मोठं आहे. "सर, तुमच्या टीमने एकदा येऊन बघा. पाच जण असतील ना?" मामांनी मोजलं. आम्ही तिघं, ते आणि मामी. "सरी. बरोबर पाच," ते म्हणाले.

अशा रीतीने आम्ही तपासणी पथक म्हणून सकलेशपूरकडे एका कॉफीच्या मळ्यातल्या रिसॉर्टवर निघालो. मी या वेळी ऑफिसात रजेचं कारण "नमुना तपासणी" असं लिहिलं होतं आणि बॉसला ते काहीतरी महत्त्वाचं वाटून त्याने सही केली. गाडीत मुलगी दर दहा मिनिटांनी "आलं का?" विचारत होती आणि मामी, ज्यांचे गुडघे त्यांना घरचा जिना चढू देत नाहीत, प्रत्येक वेळी खिडकीतून बघून "आलंच की, पुट्टी" म्हणत होत्या. रिसॉर्टच्या दारात आम्हाला हार घालण्यात आले. फलकावर स्वागत होतं. हे सगळं कशासाठी, ते आम्हाला कळलं नाही. बायकोला वाटलं, इथे सगळ्यांनाच असं करत असतील, आणि ती एवढी खूश झाली, की तिने फोटो काढून आईला पाठवला.

मामा लगेच कामाला लागले. त्यांनी पलंग आडवा, उभा आणि तिरका मोजला. न्हाणीघरातल्या नळाखाली मग धरून घड्याळ लावलं. चादरीचा एक कोपरा भिंगाखाली धरून धागे मोजायला घेतले आणि ते मोजता मोजता मुलीला मोजायला शिकवलं. संध्याकाळी ते तलावाची खोली बघायला काठी घेऊन गेले आणि एक कर्मचारी घाबरून त्यांच्यामागे गेला. आम्ही तिघं पाण्यात होतो. मी फोन खोलीत ठेवून आलो होतो आणि त्याची मला आठवणसुद्धा नव्हती. मुलगी माझ्या पाठीवर बसून ओरडत होती आणि मी चार वर्षांत तिच्याबरोबर सलग इतका वेळ कधी घालवला नव्हता, हे मला त्या पाण्यातच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. नाश्त्याच्या टेबलाशी हात जोडून त्याने विचारलं, "सर, मग एकूण किती कुटुंबं धरायची?"

"एक," मामा म्हणाले. "हे. दोन मोठे, एक लहान."

मॅनेजरचा चेहरा बघून मामांना सगळा घोटाळा हळूहळू उलगडला. हार, फलक, गुच्छ. ज्या माणसाने कुणाचा चहा घेतला नव्हता, तो कालपासून भलत्याच समजुतीवर कुणाचं तरी जेवत होता. ते उठून सरळ ऑफिसात गेले आणि पाचही जणांचं बिल मागितलं. मॅनेजर भला माणूस होता, तो नको नको म्हणाला. मामा ऐकेनात. एका दमडीची सूट न घेता, पावती घेऊन ते बाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, सामान आवरा, निघू.

मामी मळ्याच्या कडेच्या ओढ्यात पाय सोडून बसल्या होत्या. साडी पोटरीपर्यंत वर घेतलेली, शेजारी माझी मुलगी. मामांनी त्यांना काय झालं ते सांगितलं, त्यांचा आवाज अगदी पडला होता. मामींनी ऐकून घेतलं. सरकारी नोकरीत दर चार वर्षांनी घरच्यांना घेऊन फिरायला जायचा हक्क मिळतो. मामांना तो आठ वेळा मिळाला होता. उटी, काश्मीर, अंदमान, दर वेळी ते माहिती मागवायचे, तुलना करायचे, आणि तुलना पुरी होईपर्यंत मुदत संपून जायची. त्यांचा मुलगा त्या तक्त्यांमध्येच मोठा झाला आणि आता हैदराबादला असतो. हे मामींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं. मामांना त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे तुम्हीच भरलाय न्हवं? मग ही आपलीच ट्रिप झाली. बसा की इथं."

मामांनी बूट काढले, मोजे नीट घडी करून बुटांत ठेवले आणि मामींच्या शेजारी पाण्यात पाय सोडले. पाणी किती थंड आहे, हे त्यांनी मोजलं नाही. आम्ही दुपारपर्यंत तिथेच होतो.

आठवड्याने मामा आमच्या घरी अहवाल घेऊन आले. करार कुठला घ्यायचा ते ठरवण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि बायको पेन घेऊनच बसली होती. अहवालात तिन्ही कंपन्यांबद्दल अर्धं पानच होतं. बाकी एक मोठा तक्ता. करारात पंचवीस वर्षं, म्हणून पंचवीस ओळी. वर पाच जणांची नावं, आणि मथळा, "बरोबर कोण येणार". मुलीच्या रकान्यात बारा वर्षांची होईपर्यंत प्रत्येक ओळीत "हो". तेराव्यापासून "विचारावं लागेल". सोळाव्याला "परीक्षा". अठराव्यानंतर खालपर्यंत "नाही".

"माल तिघांचाही वाईट नाही," मामा म्हणाले, "पण पंचवीस वर्षं पुरेल एवढं हे पोर लहान राहत नाही. आणि सही केली म्हणून माणूस जातो असं नाही, पोरी. माझी तर रजासुद्धा मंजूर असायची."

बायको तक्त्याच्या शेवटच्या दोन रकान्यांकडे बघत होती. मामा आणि मामी. पाच ओळी "हो", आणि त्यापुढे प्रत्येक ओळीत एक आडवी रेघ. तिने रेघेवर बोट ठेवलं.

"अंदाज आहे," मामा म्हणाले. "स्वल्प इकडंतिकडं होईल."

आम्ही कुठलाच करार घेतला नाही. तक्ता मात्र फ्रिजवर लावला आणि जाऊन आलो की मुलगी त्या वर्षाच्या ओळीवर स्वतः खूण करते. पहिली ओळ सकलेशपूरची, दुसरी मागच्या वर्षी गोकर्णची. तिथे मामांनी समुद्र तपासायचा प्रयत्न केला आणि लाटेने त्यांचा टेप नेला. मुलगी आता सहा वर्षांची आहे, तिच्या रकान्यात अजून सात "हो" शिल्लक आहेत. मामा-मामींच्या रकान्यात तीन. या वर्षी कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही, पण रजेचा अर्ज मी आज ऑफिसात पोचल्याबरोबर टाकला. बोम्मसंद्र्याचे जुने कारखानदार अजून सांगतात, की मामांचं पस्तीस वर्षांत एकही माप चुकलं नाही. मला ते माहीत आहे, आणि तरी फ्रिज उघडताना रोज वाटतं, की त्यांचं एवढं एक माप चुकावं. चांगलं भरपूर चुकावं.